एरंडीचं तेल

उतारावर ब्रेक लागला की उत्तमरावाची व्हॅन अशी किंचाळायची, की सोमवारच्या बाजारात झोपलेली कुत्री उठून बाजूला व्हायची. "आली टाकीज," म्हणून लोक हसायचे. कारण ती गाडी मुळात एका बंद पडलेल्या फिरत्या सिनेमाची होती. बाजूवर रंगवलेल्या नटीचा एक डोळा आणि अर्धी वेणी अजून दिसायची. उत्तमरावानं ती स्वस्तात उचलली आणि वाडीतली, म्हणजे मळ्यातली, भाजी, संत्री अमरावतीला न्यायला सुरुवात केली. गावात तोवर मोटर कुणाचीच नव्हती. त्यामुळे तो तोऱ्यात होता, आणि त्या तोऱ्याला हा आवाज फार झोंबायचा.

आमच्याकडं ज्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, वाजते त्याची लाज निघते. चाकाचा आस कुरकुरायला लागला की पोरंसोरं विचारतात, "घरी तेल नाही काय?" म्हणून प्रत्येक बंडीखाली वंगणाचा बांबूचा नळा टांगलेला असतो आणि त्यात एरंडीचं तेल असतं. उत्तमरावाचा बाप तर परगावी निघण्याआधी चाकाला तेल घातल्याशिवाय तोंडात घास घालत नसे. त्याच्या पोराची मोटर भर बाजारात बोंबलत यावी, हे पोराला कसं सहन व्हावं?

"धर्मपाल, हे आवाजाचं काही कर न बावा," तो ड्रायव्हरला रोज म्हणायचा.

"काका, ब्रेकचे पट्टे घासले. मोर्शीले गाडी दाखवा लागन."

"दाखवू मंग. हंगाम जाऊ दे."

धर्मपाल म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या पंचफुलाबाईचा एकुलता एक पोरगा. फौजेत गाडी शिकून आला होता. नागपूरच्या दीक्षेला पाच-सहा वर्षं झाली होती, आणि मायलेकांनी तिथं घेतलेली पंचशीलं नुसती भिंतीला टांगली नव्हती. पंचफुलाबाईनं नवऱ्याच्या दारूपायी अर्धं आयुष्य रडून काढलं होतं. "नशा करणार नाही" हे शब्द ती जोरात म्हणायची, आणि पोरगा तिच्याहून जोरात.

एका रविवारी धर्मपाल मामाच्या गावी गेला होता. उत्तमराव माझ्याकडं आला. माझं शेत त्याच्या बांधाला बांध लागून.

"जानराव, तुया बंडीचा नळा दे जरा. मायातलं तेल सरलं."

मी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा गडी नळा परत घेऊन आला, तर तो रिकामा. मला वाटलं, दोन्ही बंड्यांना घातलं असेल.

त्याच सोमवारी धर्मपालनं वाडीवर फुलकोबी भरली आणि गाडी फाटकाबाहेर काढली. मी तिथंच उभा होतो. तो लगेच थांबला आणि खाली उतरला.

"काका, ब्रेक नरम लागून राहिले. आज गाडी नेऊ नाही."

"वाजते का?"

"वाजत नाही, म्हनूनच म्हनतो."

"वाजत नाही त चांगलं झालं न. अमरावतीचा भाव उद्या राहीन काय? चाल."

पुढं काय झालं ते साऱ्या गावानं पाहिलं. आमचा बाजार पाराजवळ भरतो आणि पार उताराच्या पायथ्याशी आहे. गाडी मध्यावर आली तेव्हा धर्मपाल खिडकीतून ओरडत होता, "सरका, सरका." गाडीचा आवाज मात्र काहीच नव्हता. रोज किंचाळणारी टाकीज त्या दिवशी मुकाट्यानं खाली आली. भाजीवाल्या बाया वाचाव्या म्हणून त्यानं चाक पाराकडं वळवलं. गाडी पारावर आदळून थांबली, पण जाताना सुंदराबाईच्या फुलांच्या दुकानाचा बांबू घेऊन गेली. बांबूबरोबर सुंदराबाई पडली आणि तिचा उजवा हात मोडला. त्या हातानं ती हार ओवायची, आणि त्याच हारांवर तिचं पोट होतं.

लोक जमले. धर्मपालच्या कपाळातून रक्त येत होतं. उत्तमराव माझ्याबरोबर मागून धावत आला. सगळे त्याच्याकडं पाहत होते. तेव्हा तो बोलला, "दारू पेला असन. मी म्हनलं होतं, ब्रेक पाहून घे म्हनून."

एवढं पुरलं. आमच्या गावाला असल्या गोष्टीला साक्षीपुरावा लागत नाही, आणि त्या वस्तीतल्या माणसाबद्दल असलं तर मुळीच लागत नाही. कोणी म्हणालं, वास येऊन राहिला. कोणी म्हणालं, बाप तसाच होता. सकाळी फाटकाजवळ मी सगळं ऐकलं होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. धर्मपालनं उत्तमरावाकडं एकदा पाहिलं, गाडीची चाबी बोनेटवर ठेवली आणि घराकडं गेला. पंचफुलाबाई वस्तीच्या तोंडाशी उभी होती. तिनं पोराचं तोंड हुंगलं. सगळ्यांसमोर हुंगलं, आणि मग त्याला घरात घेतलं.

चार-आठ दिवसांनी आम्ही व्हॅनला बैलजोडी जुंपली आणि मोर्शीला ओढत नेली. सोबत म्हणून मी गेलो. पुढं बैल, मागं एका डोळ्याची नटी. रस्त्यानं जो भेटला तो हसला.

गॅरेजवाला ओमप्रकाश मिस्त्री चाकांपाशी बसला. उत्तमराव त्याच्या डोक्याशी उभा राहिला, जसा बैलबाजारात दलालाच्या डोक्याशी उभा राहायचा.

"आधी भाव सांग, मंग खोल."

"काका, हे काय वांगे आहेत? खोलल्याबिगर कसा सांगू? जुन्या गाडीचं असं आहे, तुमी एक दुखनं घेऊन येता, आमाले चार सापडतात. इंजनचं तेल बदला लागन, त्याचं डांबर झालं. सांध्यासांध्यात ग्रीस मारा लागन. पंख्याचा पट्टा फाटला. शंभराच्या आत भागलं त नशीब समजा."

"शंभरात त गोऱ्हा येते."

"येते न. पन गोऱ्ह्याले वर्षभर चारा टाकता का नाही? का पोळ्याले पुजलं की झालं? हिले दर दोन-तीन महिन्यानं आनलं असतं, त दहा-वीसात सुटले असते. आनलं होतं का कधी?"

उत्तमराव बाजूच्या टायरवर टेकला. मिस्त्रीनं पहिलं चाक काढलं, मागचा लोखंडी डबा ठोकून ठोकून ओढला आणि एकदम मान मागं घेतली. वास माझ्यापर्यंत आला. तो वास ओळखायला मिस्त्री व्हायची गरज नव्हती. जन्मभर बंडी हाकलेल्या माणसाच्या अंगाला तो असतो.

"हे एरंडीचं तेल हो," मिस्त्री म्हणाला. "ब्रेक आवळायच्या भोकातून टाकलं कोनीतरी. अरे, हा पट्टा डब्याले घासते, म्हनून गाडी थांबते. घासनंच बंद केलं त थांबन कशी? मानसं मेले असते." त्यानं वर पाहिलं. "कोनं टाकलं? ड्रायव्हरनं?"

मी उत्तमरावाकडं पाहिलं. तो नटीच्या डोळ्याकडं पाहत होता.

"मालूम नाही," तो म्हणाला.

चारही चाकांत तेच निघालं. चौथं चाक उघडलं तेव्हा उत्तमराव उठून बाहेर गेला आणि बैलांना उगाच पाणी दाखवत उभा राहिला. बैल आत्ताच पाणी पिऊन बसले होते.

"नवे पट्टे टाकतो," मिस्त्रीनं मला सांगितलं. "काही दिवस वाजतीन. वाजू द्या. आन ज्यानं हे केलं, त्याले गाडीजवय येऊ देऊ नका."

बैल घेऊन आम्ही परत निघालो. अर्ध्या वाटेत मीच म्हणालो, "नळा माया होता, उत्तमराव."

"लोक हासत होते, जानराव. मले वाटलं, बंडीवानी असन. तेल टाकलं की झालं."

"ते समजलं. पन तो पेला म्हनून काहून म्हनला?"

 त्याचं तोंड भाजल्यासारखं झालं होतं. आयुष्यात कोणासमोर मान खाली न घालणारा माणूस बैलांच्या शेपट्यांकडं पाहत घरी आला.

घरी पार्बताबाईनं, त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "जेवन मंग वाढतो," ती म्हणाली. "आधी पंचफुलाबाईकडं जाऊन या."

तो टोपलीभर संत्री घेऊन निघाला आणि मला बरोबर ओढलं. दिवस अजून मावळायचा होता. पंचफुलाबाई दारात तूर निवडत होती. धर्मपाल रोजमजुरीवरून नुकताच आला होता. त्यानं उत्तमरावाला खाट दिली आणि स्वतः उभा राहिला.

"धर्मपाल, गाडी दुरुस्त होऊन राहिली," उत्तमराव म्हणाला. "ये कामावर. झालं गेलं जाऊ दे."

पंचफुलाबाईनं सूप खाली ठेवलं. "काय झालं, आन काय गेलं?"

 जमिनीकडं पाहत उत्तमरावानं सांगितलं, तेल कोणी टाकलं ते. पंचफुलाबाईनं डोळ्याला पदर लावला. धर्मपाल शांतपणे ऐकत होता.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "पाय ठेवताच समजलं होतं. तुमाले सांगतलं बी होतं."

"चुकलं गड्या मायं. माफ कर."

"इथं नोका मांगू माफी. इथं कोनी मले दारूडा म्हनलं नाही. जिथं म्हनलं, तिथं सांगा."

पंचफुलाबाईनं टोपली उचलून उत्तमरावाच्या हातात दिली. ती तशीच परत घेऊन वस्तीतून, मग माळीवाड्यातून, साऱ्या ओळखीच्या दारांवरून त्याला घरी यावं लागलं. मी दोन पावलं मागं चालत होतो, आणि मलाही मान वर करवत नव्हती.

पुढच्या सोमवारी बाजार ऐन भरात असताना उत्तमराव पारावर चढला. त्याच्या हातात माझा नळा होता, सकाळीच मागून नेलेला. सुंदराबाई गळ्यात हात बांधून बसली होती आणि तिची सून वेडेवाकडे हार ओवत होती. लोकांना वाटलं, भाजीचा लिलाव आहे.

"त्या दिवशी धर्मपाल पेला नोयता," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाला. "ब्रेकात तेल मी टाकलं. त्यानं सकाळीच सांगतलं होतं, गाडी नेऊ नाही. मीच नेवाले लावली. सुंदराबाईचा हात मायापायी मोडला. तिचा हात चालू होईस्तोवर तिचं घर माया वाडीवर चालन."

 मग मागून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे तूच पेला होता काय, उत्तमराव?"

बाजार हसला. टाकीजला हसायचा त्याच्या दुप्पट हसला. उत्तमराव हसू ओसरेपर्यंत उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला. "मी शुद्धीत होतो."

मग कोणी हसलं नाही. धर्मपाल मिरचीवाल्यापाशी उभा होता. त्यानं मिरच्या पिशवीत टाकल्या आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो वाडीवर आला. दुरुस्त झालेली गाडी मिस्त्रीच्या माणसानं तिथं आणून सोडली होती. मी बांधावरून पाहत होतो. उत्तमराव लगबगीनं पुढं झाला.

"मालक, चाबी द्या," धर्मपाल म्हणाला.

इतकी वर्षं तो काका म्हणायचा. उत्तमरावानं चाबी दिली आणि गुमान त्याच्या शेजारी जाऊन बसला. मी मागं टोपल्यांवर बसलो. उतार आला. धर्मपालनं पाय दाबला आणि नवे पट्टे पहिल्यापेक्षा मोठ्यानं किंचाळले. पारावरची माणसं वळून पाहायला लागली.

"वाजून राहिली, मालक," धर्मपाल म्हणाला.

"वाजू दे," उत्तमराव म्हणाला.

खाली सुंदराबाई डाव्या हातानं फुलांवर पाणी शिंपडत होती. ती जागची हलली नाही. "वाजली न," ती सुनेला म्हणाली, "मंग थांबन."