मागून लावलेला दर

मला कायदा शिकवू नका. मी रामकिसन मुकादम, युसूफ वडगावचा. ऊसतोडीच्या टोळ्या घालतो, आन् हायकोर्टात जाऊन आल्याला मानूस हाय. त्या मंगलचं नाव काढून माझ्या माघारी दात काढनाऱ्यांसाठी सांगायलोय, एकदाच. पुना इचारायचं न्हाई.

इन्कम टॅक्सवाल्यापासून सुरू करतो, आग तिथूनच लागली. साखर कारखाना टोळीची उचल माझ्या खात्यावर टाकतो. सीझनच्या आधी ती मी तोडायला येनाऱ्या नवरा-बायकोला, म्हंजी एकेका कोयत्याला, वाटून देतो. पुढं सहा महिने ऊस तोडून त्यांनी ती फेडायची. खात्यावर आली की गेली, माझ्या हाताला नुसता वास लागतो. तर त्या साहेबानं खातं बगितलं आन् म्हनला, ही सगळी तुमची कमाई, भरा टॅक्स. मी म्हनलो, साहेब, ही उचल हाय. तो म्हनला, उचलली ना तुम्हीच? आता आसल्याला काय सांगावं. मराठी येत न्हाई म्हनावं तर चांगला आपल्याच भागातला होता.

दोन ठिकानी अपील केलं, दोन्ही ठिकानी तोंडावर आपटलो. राहिलं हायकोर्ट. औरंगाबादला सायली वकीलबाई गाठली. वयानं माझ्या भाचीएवढी, पर बोलाया लागली की समोरच्याला काय सुदरत न्हाई. तिनं अपील टाकलं, तर कोर्टाच्या हापिसानं अडवलं. फी कमी भरली म्हने. कावून? तर मधल्या काळात फीचा कायदा बदलला. जुन्या कायद्यानं दहा हजारात भागत होतं, नव्यानं साडेतीन लाख लागतेत. न्हाई भरले तर अपील आतच घेनार न्हाईत.

डोकंच फिरलं माझं. टॅक्सवाल्यासंगं माझं भांडन सुरू झालं तवा हा कायदा जन्माला बी आला नव्हता, आन् दर लावायलेत मागून. मी सगळ्या गावाला ऐकवलं. हाटेलात ऐकवलं, स्टँडवर ऐकवलं, एका लग्नात पंगतीत बसून ऐकवलं. म्हनलो, ही लूट हाय. डाव सुरू झाल्यावर नियम बदलनारा मानूस हलकट आसतो. आसं मी म्हनलो, हो. कुनाच्या बापाला भेत न्हाई मी.

आता मंगलचं. परमेश्वरची बायको. दोघं सात-आठ सालापासून माझ्या टोळीत. गनपतीत ती माझ्या दारात आली. म्हनली, "भाऊ, औंदा आमी येत न्हाई. करिष्मा धाव्वीला हाय."

"उचल फिटली का तुमची?"

"जुन्या दरानं खाडे धरले तर फिटली."

कामावर न आल्याल्या दिवसाला आमी खाडा म्हन्तो, आन् त्याचे पैसे कापतो. मागच्या दसऱ्याला ठरलं तवा खाडा पाचशेचा होता. पुढं संक्रांतीला अर्धी टोळी गावाकडं पळाया लागली, म्हनून मी हजाराचा केला. केला तो सगळ्या सीझनला केला, मागच्या खाड्यांसकट. हिशोब एकसारखा नको का? दिवाळीच्या आसपास परमेश्वरच्या पायावर कोयता बसला आन् दोघं फडाकडंच्या कोपीत, म्हंजी पाचटाच्या खोपटात, बसून राहिली. त्यांचे खाडे जास्त भरले, त्याला मी काय करू. कोयता काय मी मारला होता?

"नव्या दरानं तुमच्या अंगावर बाकी ऱ्हाती," मी म्हनलो. "दोघं बी येनार. परमेश्वर एकटा आला तर अर्धा कोयता घेऊन मी काय करू? पोरीला ठेव कुनापाशी."

"कुनापाशी ठेवू? थोरलीला आशीच मागं ठेवली. मानसं दारावरून चकरा मारायलेत कळलं तवा मी तिकडं फडात. जीव टांगनीला लागला म्हनून सोळाव्या वर्षी उजवली तिला. आता ती माझ्यासंगं बोलत न्हाई. हिला मी एकटी ठेवनार न्हाई."

"मंग घेऊन चल संगं."

"फडात धाव्वीचा पेपर देती का?"

"मी काय हेडमास्तर हाय का? फेडा आन् ऱ्हावा घरी."

ती गेली. जाताना राम राम बी केला न्हाई. आसला माज मला सहन होत न्हाई. त्याच दिवशी मी परमेश्वरला गाठून सांगितलं, दसऱ्याला दोघं उचल घ्यायला दिसली न्हाईत तर घरावर गाडी आनून उभी करीन. तो खाली बगून हो म्हनला. तो गरीब हाय बिचारा, बायकोनं डोक्यावर बसून नासवलाय.

दसऱ्याच्या आधी कोर्टात तारीख लागली. मी धुवट धोतर-नेहरू घालून मागच्या बाकावर बसलो. सरकारचा वकील म्हनला, अपील नव्या कायद्यानंतर दाखल झालं, फी नवीच. आमची सायलीबाई उठली. तिचं बोलनं मला तोंडपाठ हाय. "अपिलाचा हक्क माणसाला वाद सुरू झाला त्या दिवशीच मिळतो. नंतर वाढवलेलं ओझं त्याच्या डोक्यावर मागून ठेवता येत नाही." जजसाहेबांनी तिला दोन-चार गोष्टी इचारल्या, सरकारच्या वकिलाला जरा झापलं, आन् सांगितलं, फी जुनीच, अपील दाखल करून घ्या. मला बाहीर येऊन रडू आलं. खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुनीतरी म्हनलं की रामकिसन बरोबर हाय.

येताना पेढे घेतले. दसऱ्याला माझ्या अंगनात सगळी टोळी जमली, मानसं, बाया, लेकरं. टेबलावर उचलीच्या गड्ड्या. आधी पेढा, मंग उचल, आसं ठरवलं. पेढा कशाचा ते बी सांगाया पायजे म्हनून मी उभा राहिलो आन् सांगितलं सगळं. कोर्ट केवढं, जज कसा, सरकारचं तोंड कसं उतरलं.

मंगल मागून पुढं आली. "भाऊ, ते दराचं परत सांगा की. नीट कळलं न्हाई."

मला वाटलं, बाईला गोडी लागली. मी आजून रंगवून सांगितलं. काम सुरू झालं त्या दिवशी जे ठरलं तेच शेवटपर्यंत. मधी वाढवल्याला दर मागं लावता येत न्हाई. हायकोर्टानं सांगितलंय.

"मंग आमचा खाडा?" ती म्हनली.

लेकराच्या हातातला पेढा बी हातातच राहिला.

मी म्हनलो, "ते कोर्टाचं हाय. हितं माझा कायदा चालतो."

"चालू द्या की. तुमच्या कायद्यात अपील कुठं करायचं तेवढं सांगा. आन् त्याची फी किती पडंल?"

कुनीतरी हासलं. कोन ते मला ठाऊक हाय, बगतो त्याला. मी परमेश्वरवर वरडलो, "बायकोला आवर बे." तो जागचा हलला न्हाई. खाली बी बगितलं न्हाई त्यानं आज, सरळ माझ्याकडं बगत उभा.

मंग सटवा उठला. माझ्या टोळीतला सगळ्यात जुना मानूस, माझ्या बापासंगं तोडीला गेल्याला. हातातला पेढा त्यानं टेबलावर परत ठेवला. "माझे बी खाडे तुमी तसेच कापलेत, मुकादम." त्याच्या मागून दुसरा आला, मंग तिसरा. बाया लेकरं उचलून निघाया लागल्या. नेकनूरच्या बद्रीनाथ मुकादमाची जीप मानसं फोडायला कालपासून गावात फिरायलीय, हे मला ठाऊक होतं. आन् कारखान्याचे ट्रक चार दिवसांवर. टोळी न्हाई तर कारखाना माझ्या मानगुटीवर बसनार. गनित मला येतं.

"जुना दर," म्हनलो. "सगळ्यांला. बसा खाली, घ्या उचल."

मानसं बसली. मंगल तशीच उभी.

"आता काय?"

"आमची फिटली का न्हाई ते तोंडानं सांगा. उद्या तुमी म्हनचाल, मी दर म्हनलो होतो, फिटली म्हनलो न्हाई."

बापाच्या मागं एवढी वर्षं मुकादमकी केली, पर तो शबूद मी कुनाला चारचौघांत दिला न्हाई. काई ना काई अंगावर ठेवायचंच आसतं. न्हाई तर पुढच्या साली मानूस येईल कशाला? सगळे माझ्या तोंडाकडं बगत होते.

"फिटली," म्हनलो.

"मागच्यांना ऐकू गेलं न्हाई," मंगल म्हनली.

मी परत म्हनलो.