रिकाम्या घरांतला धूर

मोजायला कोणी आलं की गाव मोठं दिसलं पाहिजे, हा डोंगरातल्या त्या गावाचा जुना शिरस्ता. शिरगणतीला अथेन्सहून बस भरभरून लेकरं-नातवंडं यायची, भाजलेला बोकड खायची, गावात स्वतःला मोजून घ्यायची आणि परत जायची. माणसं जास्त तर निधी जास्त, हे गणित सरपंच स्टेर्योसला झोपेतही येई.

म्हणून विद्यापीठातली भूगोलाची बाई, आग्लाइया, थंडीत आली नि कॉफीच्या दुकानात म्हणाली, "आजोबा, हिवाळ्यात खरंच राहतं कोण, ते धुराड्यांवरून बघतेय. जिथे म्हातारी माणसं एकटी पडलीत, तिथे दर आठवड्याला नर्सची गाडी जाईल," तेव्हा स्टेर्योसने मान डोलावली आणि एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही.

"मूठभर माणसांसाठी सरकार गाडी पाठवतं होय?" ती गेल्यावर तो दुकानदार झिसिसला म्हणाला. "बंद घरांच्या किल्ल्या काढ."

"मेलेल्यांच्या चुली पेटवायच्या?"

"लाकूड तुझ्या बापाचं जातंय?"

नर्स तर त्यालाच हवी होती. बायको पोलिक्सेनीला साखरेचा आजार. पायाची जखम भरत नव्हती. पट्टी तोच बांधायचा, श्वास रोखून.

दुसऱ्या दिवशी घरोघरी धूर. पोलिक्सेनी खिडकीशी बसून म्हणाली, "अहो, किती वर्षांनी गाव गावासारखं दिसतंय!" समोरच्या उतारावर आग्लाइया नकाशावर खुणा करत होती.

गाडी मिळाली वरच्या वाडीला. तिथल्या लोकांना धूर करायचीसुद्धा अक्कल नाही, असं स्टेर्योस म्हणत आला होता. नकाशात त्याचं गाव भरलेलं, एकमेकांना सांभाळणारं ठरलं. गाडी चौकातून न थांबता वर जाई. वाडीतली खाटेला खिळलेली म्हातारी आता दारात येऊन बसते, ही बातमीही त्याच रस्त्याने खाली आली.

एकदा त्याने गाडी अडवलीच. नर्सने पोलिक्सेनीची पट्टी सोडून पाहिली आणि पुन्हा बांधली. "आजच रुग्णालयात न्या." रुग्णालयात पाय कापावाच लागला.

मग त्याने फोन केला. "पोरी, आम्ही खोटं दाखवलं."

आग्लाइया म्हणाली, "मी पुन्हा येते. पण घरं तुम्ही दाखवायची, आजोबा. एकेक."

तो पुढे, ती मागे. "हे बंद. हेही बंद."

झिसिस दारातून ओरडला, "सरपंच, गाव विकायला काढलंस का?"

"घेणारा असता तर केव्हाच विकलं असतं."

मुलाच्या घरापाशी तो थांबला. "हा ऑगस्टमध्ये येतो."

"आणि हिवाळ्यात?"

त्याने कुलूप उगाच ओढून पाहिलं. "बंद."

पुढच्या हिवाळ्यात नर्सची गाडी चौकात थांबली. नर्स पहिली सरपंचाच्याच दारी आली. पोलिक्सेनीने तिला खुर्ची दिली, नवऱ्याला कॉफी ठेवायला लावली. बांधायला जखम उरली नव्हती. मग कॉफी संपवून नर्सने दुकानात जाऊन झिसिसचा रक्तदाब मोजला. बराच चढलेला निघाला.