खालच्या मॉडेलचा टर्बो

"आधी गाडी पाहू, मंग पोरगं," असं म्हणत देवराव गवईंनी अंगणातच बोनट उघडायला लावलं, आणि अनुप तायडे स्वतःच्याच पसंतीच्या कार्यक्रमात मेकॅनिकसारखा बाजूला उभा राहिला.

हिवरखेडच्या त्या गल्लीत बोनटभोवती बघता बघता गर्दी जमली. देवरावांचे भाऊ होते, शेजारचे दोन म्हातारे होते, आणि कोणाचाच कोणी नसलेला पण प्रत्येक कार्यक्रमात हजर असलेला एक माणूस होता.

"यातला टर्बो कोणता?" देवरावांनी विचारलं.

अनुपनं एका काळ्या नळीकडं बोट दाखवलं. ती कसली नळी आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं, पण लग्न जुळवायला आलेल्या माणसानं 'माहीत नाही' म्हणायचं नसतं.

"काय करते तो?"

"इंजिनात हवा भरते जी. दाबून. मंग गाडी एकदम उचलते."

"हवा भरते," देवरावांनी भावाला सांगितलं. भावानं ते म्हाताऱ्यांना सांगितलं. म्हाताऱ्यांनी मान डोलावून हवा मंजूर केली.

ती गाडी तायड्यांच्या घरात आली तीच मुळी लग्नासाठी. अनुप पस्तिशीला टेकला होता आणि बाळापुरातल्या एका सरकारी कचेरीत कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होता. मुलींचे बाप फोनवर दोनच प्रश्न विचारायचे. पोरगं पर्मनंट आहे का, आणि घरी फोर व्हीलर आहे का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शासनाकडं अडकलं होतं. दुसऱ्याचं अकोल्याच्या शोरूममध्ये कोपऱ्यात धूळ खात उभं होतं.

कंपनीनं ते मॉडेल बंद केलं होतं आणि एक शेवटची गाडी उरली होती. सगळ्यात खालचं मॉडेल. मागच्या काचा हातानं फिरवायच्या, गाणी लावायची सोय नाही, मागं वायपर नाही. पण इंजिन मात्र टर्बो पेट्रोल. म्हणजे पायात चप्पल नाही आणि डोक्याला फेटा.

"कंपनीनं असं काहून केलं?" अनुपचे वडील मोतीराम यांनी विचारलं होतं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात गेलेल्या माणसाला ते पटत नव्हतं.

"काका, म्हणूनच तर बंद केलं," सेल्समन म्हणाला.

गाडी ताब्यात देताना शोरूमच्या पोरांनी रीतीप्रमाणं चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मोतीराम खाली वाकले, एकेक लिंबू वेचून शर्टाच्या खिशात घातलं आणि म्हणाले, "आपल्यात हे चालत नाही. पोह्यावर चालते." त्या संध्याकाळी घरी पोहे झाले. आई दुर्गाबाईंनी लिंबू पिळता पिळता विचारलं, "त्या टर्बोचं बटन कोठी हाय?"

"बटन नसते आई. जोरात गेल्यावर आपोआप येते."

"मंग नाही येत," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांना बाळापूर तालुक्यातले रस्ते माहीत होते.

तर त्या गाडीनं हिवरखेडच्या अंगणात आपलं काम चोख केलं होतं. बोनट बंद झालं, मंडळी आत जाऊन बसली, आणि पायल पोह्याचा ट्रे घेऊन आली. पायल तेल्हाऱ्याला एका मेडिकल स्टोअरवर कामाला होती. तिनं बशी अनुपच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "मिरची काढून खाजा. बाबांनी टाकली हाय." अनुपला एवढ्या वर्षांत कुठल्याच मुलीनं कुठल्याच मिरचीबद्दल सावध केलं नव्हतं. त्यानं त्या क्षणी मनोमन होकार देऊन टाकला. त्याच्या होकाराची कोणी वाट बघत नव्हतं, हा भाग वेगळा.

"बरं, पोरगं सध्या नोकरीले कोठी हाय म्हणता?" देवरावांनी विचारलं.

प्रश्न अगदी साधा होता. दुर्गाबाईंनी उत्तर तयार ठेवलं होतं, 'सरकारी हापिसात'. पण देवरावांनी विचारलं ते मोतीरामांना.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. कंत्राटी माणसाचा करार अकरा महिन्यांचा असतो. तो संपला की एक दिवस घरी बसवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीवर बोलावतात, म्हणजे त्याला आपण कायम आहोत असं वाटायला नको. अनुपचा तो एक दिवस नेमका आज होता. रजा मागायचं काम नाही म्हणून तायड्यांनी मुद्दाम हाच दिवस धरला होता.

आणि मोतीराम रोज सकाळी पंचशील घेत. त्यातलं खोटं न बोलण्याचं शील तर त्यांना फारच लागू पडलं होतं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"आज?" ते म्हणाले. "आज तर कोठीच नाही."

देवराव खुर्चीत पुढं सरकले.

"म्हंजे? बेकार हाय?"

"आजच्या दिवस. उद्यापासून हाय."

"उद्या घेतीनच?"

"आजवर तर घेतलं."

"लेखी हाय का काही?"

"लेखी नाही," मोतीराम म्हणाले आणि त्यांनी बशी परत उचलली. खरं बोलून झाल्यावर माणसाला भूक लागते. दुर्गाबाई मात्र नवऱ्याकडं अशा बघत होत्या, जणू लिंबाच्या जागी नवऱ्यालाच चाकाखाली ठेवायला त्यांची हरकत नव्हती.

देवराव माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, "बरं, पोरापोरीले बोलू द्या थोडं. गाडीतच एक चक्कर मारून येऊ." 'येऊ' म्हणाले, कारण पुढच्या सीटवर ते स्वतःच जाऊन बसले. पायल मागं बसली. अनुपला तिच्याशी आरशातून बोलावं लागलं.

"तुमाले काय आवडते?" त्यानं आरशाला विचारलं.

"समोर बकऱ्या हायेत," आरसा म्हणाला.

बकऱ्या गेल्या. मग खड्डे आले. इंजिनाचे फेरे विशिष्ट पातळीच्या वर गेल्याशिवाय टर्बो जागा होत नाही, आणि त्या भागात त्या पातळीला पोचणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. देवराव दर थोड्या वेळानं विचारत, "आला का?" आणि अनुप म्हणे, "अजून नाही जी."

मग सिमेंटचा नवा तुकडा लागला. कोरा करकरीत, सरळ. अनुपनं पाय दाबला. गाडीनं आधी जरा विचार केला आणि मग मागून कोणीतरी ढकलल्यासारखी उसळली. देवरावांनी दाराची मूठ धरली. मागून पायल खदखदून हसली.

"अजून एकदा!" ती म्हणाली.

पण सिमेंट संपलं होतं.

परत येताना ती म्हणाली, "मले गाडी शिकाची हाय. बाबा शिकू देत नाहीत."

"मी शिकवीन," अनुप म्हणाला. हे वाक्य त्यानं इतक्या घाईनं म्हटलं की त्यालाच ते दुसऱ्या कोणाचं वाटलं.

देवरावांचा फोन आठवड्याभरात आला. आवाजात खरोखरीचं दुःख होतं. "अनुपभाऊ, गाडी एक नंबर. पोरगं बी एक नंबर. पायलचं बी काही म्हणणं नव्हतं. पण तुमच्या बाबांनी तोंडानं सांगतलं ना, बेकार हाय म्हणून. आता भावकीले मी काय सांगू?"

"पण मी तर दुसऱ्या दिवशी—"

"हो, ते खरं. पण त्या दिवशी तं होते ना."

त्या दिवशी तो होताच.

पायलचं अमरावतीच्या सागरशी जमलं. सागर पर्मनंट होता. कशात पर्मनंट आहे हे देवरावांनाही नीट सांगता आलं नाही, पण पर्मनंट होता. आणि लग्नाच्या तोंडावर देवरावांचा पुन्हा फोन आला. नवरदेवासाठी तीच गाडी घ्यायची म्हणून ते शोरूमला जाऊन आले होते, मॉडेल बंद झालं म्हणून हात हलवत परतले होते. "निदान पोरीले वाटे लावाले तरी तुमची गाडी द्या. पायल त्या गाडीचं लय नाव घेते. अन् ड्रायव्हर दुसरा नको. टर्बो हाय, कोणाच्या हाती द्याचा?"

"जाय," मोतीराम म्हणाले. "समाजाचं काम हाय."

"अन् लग्नात चार पोरी येतीन," दुर्गाबाई म्हणाल्या. "गाडी धुऊन नेजो."

विहारात सकाळीच लग्न लागलं. पांढऱ्या साडीतली पायल आणि सूटमधला सागर मागच्या सीटवर बसले. पुढं देवरावांची बहीण माणिकबाई पाठराखीण म्हणून बसली आणि अकोट सोडायच्या आत झोपली. सागर चांगला मुलगा होता. त्यानं एकदा काच खाली घ्यायचं बटण शोधलं, मग हँडल फिरवलं, आणि कोणाला काही बोलला नाही. अनुपला त्याचा रागही येईना. राग यायलासुद्धा माणसानं थोडी मदत करावी लागते.

अमरावतीला घरासमोर ओवाळणं झालं. मग सागरच्या आत्यानं गाडीच्या खिडकीशी वाकून म्हटलं, "ड्रायव्हर, गाडी साइडले घ्या अन् जेवून घ्या. ड्रायव्हर लोकांची पंगत तिकडं मागं हाय."

"ते ड्रायव्हर नाहीत, आत्याबाई," पायल म्हणाली.

"मंग कोण हायेत?"

पायलनं अनुपकडं बघितलं. अनुपनंही तिच्याकडं बघितलं, कारण तिला काही सुचलं असतं तर ते त्यालाही ऐकायचं होतं. मागच्या गाडीतून उतरलेल्या देवरावांनी आभाळाकडं बघितलं.

"जेवतो जी," अनुप म्हणाला आणि गाडी साइडला घेतली.

ड्रायव्हरांच्या पंगतीत लोकांनी सरकून त्याला जागा केली. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. भाजी चांगली झाली होती. एकानं विचारलं, "लांबून आलं का भाऊ?" अनुप म्हणाला, "हो." जेवण झाल्यावर यजमानांनी सगळ्या ड्रायव्हरांना टॉवेल-टोपी दिली. त्यालाही दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली.

निघताना त्यानं सजावट काढायला घेतली. हार दोऱ्यानं बांधलेले होते, गाठी ओल्या होऊन घट्ट बसल्या होत्या. मागच्या काचेवरची थर्माकोलची अक्षरं कोणीतरी असल्या गोंदानं चिकटवली होती की नखं दुखली तरी हलेनात. त्यानं नाद सोडला आणि तसाच अकोल्याच्या रस्त्याला लागला.

रस्ता चौपदरी होता. ऊन समोरून डोळ्यांत येत होतं. झेंडूच्या पाकळ्या बोनटवरून सुटून काचेवर आपटत होत्या. मागून येणारे लोक हॉर्न वाजवत आणि ओलांडताना हात करत. एका एसटीतल्या बायांनी खिडकीतून वाकून मागच्या सीटवर नवरी शोधली. एका मोटारसायकलवरच्या जोडप्यानं तर अंगठा दाखवला. आधी अनुप सरळ समोर बघत राहिला. मग लोकांना वाईट वाटेल म्हणून तोही हात करू लागला.

टोलनाक्यावर फास्टॅग वाचला गेला नाही. हार नेमका त्या स्टिकरवर आला होता. आतला माणूस हातातलं यंत्र घेऊन बाहेर आला, त्यानं हार हळूच बाजूला सरकवला, फुलं पडू नयेत अशा बेतानं, आणि टॅग वाचून घेतला. मग त्यानं सजलेल्या गाडीवरून नजर फिरवली.

"अभिनंदन भाऊ!"

"धन्यवाद," अनुप म्हणाला.

तो माणूस वाकून आत बघू लागला. "नवरी?"

"पुढं गेली," अनुप म्हणाला.

दांडी वर झाली. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. अनुपनं त्यालाही हात केला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.