सम्यकची बाटली

दर्शनाने बाटलीचं बूच फिरवून काढलं, तसं शिवरामांनी उठून आधी खिडकी लावून घेतली. शेजारच्या काळुरामला वास लागला असता, तर बहात्तराव्या वर्षी म्हातारा बिघडल्याची बातमी दुपारच्या आत कोपर स्टेशन ओलांडून गेली असती.

घर रोज सकाळी पंचशील म्हणणारं. त्यातलं पाचवं शील मद्य न घेण्याचं. आणि याच घरातला मुलगा सम्यक विलायती व्हिस्कीच्या कंपनीत लागला. हॉटेलांतल्या वेटरांना चव कशी घ्यायची ते शिकवायचा. तो धंदा उंबऱ्याबाहेर ठेव, एवढंच शिवरामांनी त्याला सांगितलं होतं. सम्यकने आज्ञाधारकपणे स्वतःलाही बाहेर ठेवलं. चार वर्षं. मार्चमध्ये झोपेतच त्याचं हृदय थांबलं, तेव्हा शिवराम त्याच्या कल्याणच्या फ्लॅटवर पहिल्यांदा गेले.

आज सून दर्शना त्याची अर्धी उरलेली बाटली आणि एक वही घेऊन आली होती. स्कॉटलंडची सिंगल माल्ट, त्याची सगळ्यात लाडकी. तिकडे दलदलीतली माती कापून वाळवतात, ती जाळून तिच्या धुरावर जव सुकवतात, असं तिने समजावलं. एवढी उस्तवार आपल्याकडे जावयाचीही करत नाहीत, असं शिवराम म्हणाले. दर्शना हसली नाही. त्यांचीही तशी अपेक्षा नव्हती.

प्यायची नाही, नुसती हुंगायची, असं ठरलं. शीलात हुंगण्याबद्दल काही नव्हतं. त्यांनी मनात दोनदा म्हणून खात्री करून घेतली. मग थोडीशी ओतलेला ग्लास नाकाशी नेला आणि तो तिथेच राहिला.

"कसला वास येतोय, बाबा?"

"टिंक्चरचा."

कोळसेवाडीतल्या एका दवाखान्यात ते अडतीस वर्षं कंपाउंडर होते. दिवसभर जखमा पुसायच्या, पट्ट्या बांधायच्या. तो वास शर्टात, हातांत मुरलेला. घरी आल्यावर लहानगा सम्यक धावत येऊन शर्टाला नाक लावायचा आणि तोंड वेडंवाकडं करायचा. पोराला किळस येते, असं शिवरामांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून अंघोळ केल्याशिवाय त्यांनी त्याला जवळ घेतलं नाही.

दर्शनाने वही उघडली. या कामात प्रत्येक बाटलीचा वास आपापल्या शब्दांत लिहायचा असतो, दुसऱ्याने तो खोडायचा नसतो, असं ती म्हणाली. बाकी पानांवर धूर, समुद्र, जळकी साखर असलं काहीबाही होतं. या बाटलीच्या पानावर एकच ओळ होती. ती तिने वाचली.

"बाबा कामावरून आले. अजून अंघोळ केलेली नाही."

स्वयंपाकघरात सम्यकच्या आईच्या, शकूच्या, हातातलं लाटणं थांबलं.

शिवरामांनी ग्लास खाली ठेवून विचारलं, "हे टिकतं किती?"

"अजून वर्षभर. मग वास उतरत जातो."

त्यांनी शकूकडे कात्री, कागद आणि डिंक मागितला. तिने काही न विचारता आणून दिलं. पूर्वी दवाखान्यातल्या औषधाच्या बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवत. एक खाच म्हणजे एक डोस. शिवरामांनी पट्टीची घडी घातली, महिन्याला एक अशा बारा खाचा कापल्या आणि ती बाटलीवर सरळ बसवली.

"औषधाला शील आडवं येत नाही," ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

मग दुसरा चौकोनी कागद घेतला. त्यावर रोग्याचं नाव लिहायची रीत होती. दर्शनाने पेन पुढे केलं. त्यांनी सावकाश, दवाखान्यातल्या वळणदार अक्षरात लिहिलं: सम्यकचे बाबा.