नारळाचा मान

गडचांदूरच्या अलीकडच्या त्या वस्तीत ट्रक दोघांचेच. एक सोमाजीचा, एक शेजारच्या आदेशचा. सोमाजीचा जुना, आदेशचा त्याहून जुना. एवढ्या फरकावर सोमाजीची मान आजवर ताठ होती. शिवाय कोणाचीही गाडी अडली की हाक सोमाजीला. तो बॉनेटवर थाप मारायचा, "गॅरेजले न्या" म्हणायचा आणि चहा पिऊन घरी यायचा. त्याच्या जमेच्या बाजूला जन्मभरात एवढंच होतं.

आदेशचा क्लच झिजला, चढावर इंजिन बोंबलू लागलं आणि चाकं ढिम्म, तेव्हा सोमाजीला बरं वाटलं. पण आदेश गॅरेजात गेलाच नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यानं अंगणातच गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि बायको मंजुषा पान्हे द्यायला बसली.

"घरी क्लच! उद्या चुलीवर टायर भाजन," सोमाजी आपल्या बायकोला, रुखमाबाईला म्हणाला.

तिनं पोह्यांची ताटली उचलली. "मी पाहून तं येतो."

"काऊन? तिथी सर्कस लागली का?"

"असू दे सर्कस. तुमच्या ट्रकाले आजवर कोणी पाहाले आलं का?"

जाताना ती घरातली खुर्चीही घेऊन गेली. अख्खी वस्ती तिथं, चहा तिथं, आता खुर्चीही तिथं! सोमाजी दंतमंजन घेऊन तुराट्यांच्या कुंपणाआड उभा राहिला. दुपार झाली तरी त्याचे दात घासून संपेनात.

गिअरबॉक्स उतरला. क्लचची जुनी प्लेट निघाली, पार गुळगुळीत. आदेशनं नवी हातात घेतली आणि सोमाजीचं बोट तोंडातच थांबलं. प्लेटची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे हवी, एवढं सोमाजीनं गॅरेजात बसून पाहिलं होतं. हा पठ्ठ्या ती इंजिनाकडे करून बसवत होता. असा क्लच सुटत नाही, गिअर पडत नाही, गाडी जागची हलत नाही. सोमाजीच्या ओठांवर शब्द आला. त्यानं तो मंजनासोबत थुंकून टाकला.

बसव, बेट्या, बसव.

गिअरबॉक्स परत चढला. प्लेट आत बंद झाली. आता ती देवालाही दिसली नसती. त्या दुपारी सोमाजीला जी झोप लागली, तशी लग्न झाल्यापासून लागली नव्हती.

ऊन उतरता मंजुषा हळदीकुंकवाचं ताट घेऊन सोमाजीच्या दारात. वर नारळ.

"भाऊ, गाडी तुमच्याच नारळावर निघन. वस्तीत गाडीतलं तुमच्यावाणी कोणाले समजते?"

सोमाजी पांढरा पडला. वस्तीचा रिवाज सरळ होता: नारळ ज्याचा, यश त्याचं, आणि गाडी अडली तर त्याच्या हाताला गुण नाही. वस्तीतल्याच झिंगूनं एकदा एका ट्रॅक्टरचा नारळ फोडला, ट्रॅक्टर नाल्यात बसला. तेव्हापासून त्याला कोणी बैलगाडीलाही हात लावू देत नव्हतं.

"मले ताप हाय."

"आत्ताच तं भजे खाऊन राह्यले होते!" रुखमाबाई आतून ओरडली.

गेला बापडा. समोर चाक, हातात नारळ, भोवती वस्ती. आदेश चावी फिरवणार, तोच सोमाजीच्या घशातून निघालं, "थांब! प्लेट उलटी बसली."

आदेश खाली उतरला. "सोमाजीभाऊ, ते तं आत बंद हाय. तुमाले कशी दिसली?"

सोमाजीची नजर कुंपणाकडे गेली. मंजुषा कुंपणाजवळ गेली. तुराट्यांच्या पायथ्याशी मंजनाच्या पांढऱ्या पिचकाऱ्या ओळीनं वाळल्या होत्या.

"अस्सं," ती म्हणाली. "दात चांगले घासून निघाले असतीन, भाऊ."

"तरीच," रुखमाबाई म्हणाली, "मंजनाचा डबा रिकामा दिसला."

वस्ती खो खो हसली. मंजुषानं त्याच्या हातातला नारळ काढून घेतला आणि पान्हा ठेवला. "घुसा आता खाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आदेशसोबत सोमाजीही पोत्यावर उताणा होता. बोल्ट सोडता सोडता त्यानं एकेकाचा ताण जोखला. प्रत्येक बोल्ट सारखा आवळलेला. पहिल्याच खेपेला असा हात! त्यानं प्लेट फिरवून दिली, चूपचाप.

नारळ त्यालाच फोडायला मिळाला. ट्रक अंगणातून चढावर असा गेला, जणू लोण्यातून सुरी. पण लोक रिवाज विसरून टाळ्या पिटत ओरडले, "आदेशनं घरीच क्लच बसवला!"

सोमाजीच्या वाट्याला खोबऱ्याचा तुकडा आला. त्यानं नाराजीनंच चावला. नासका निघाला असता तर तेवढंच समाधान. पण तोही गोड निघाला.