धोंडाबाईचं दळण

रिबकानं पाटी दोन्ही हातांनी उचलली, तशी गिरणीत बसलेल्या बायकांची बोलणी एकदम थांबली. पट्ट्याची फडफड तेवढी ऐकू येत राहिली.

पाटी धोंडाबाईची होती. ती दारात ठेवून धोंडाबाई आत आलीच नव्हती. उंबऱ्याबाहेर, पत्र्याच्या सावलीत पदर सावरून उभी होती. गेल्या आठवड्यात भावकीच्या बैठकीनं तिच्या घराला वाळीत टाकलं होतं. तिची नात वैजयंती जुन्नरला टायपिंगच्या क्लासला जायची. तिनं तिथल्याच एका दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं. पोरगी आम्हाला मेली असं चारचौघांत म्हण, एवढंच बैठकीनं धोंडाबाईच्या लेकाला सांगितलं. त्यानं मान खाली घातली, पण तेवढं काही तो म्हणाला नाही. तेव्हापासून त्या घराशी कुणी बोलायचं नाही, त्यांच्या शेतावर कामाला जायचं नाही, त्यांना काही द्यायचं नाही आणि त्यांच्याकडून घ्यायचं नाही, असं ठरलं. सगळ्या खडकदरा गावात पिठाची गिरणी एकच, रिबकाची. तिला काही सांगावं असं बैठकीत कुणाला वाटलंच नाही. सगळं गाव एकीकडे असताना कडेच्या तीन ख्रिस्ती घरांतली एक बाई वेगळं काय करणार!

"जाडं का बारीक?" रिबकानं विचारलं.

आपल्यालाच विचारलं, हे धोंडाबाईला लगेच कळलं नाही.

"भाकरीचं," ती म्हणाली. "जरा बारीकच."

रिबकानं बाजरी गिरणीत ओतली. पुढचा नंबर बायडाबाईचा होता. ती डबा घेऊन उठली.

"रिबकाताई, हिच्या मागं माझं घालू नका. दगडात हिचं पीठ ऱ्हातंय. ते आमच्या पिठात येनार."

"मधी माझी ज्वारी घालते मूठभर," रिबका म्हणाली. "म्हंजे तुझ्या पिठात येईल ते माझं. माझ्या पिठाचा तर विटाळ न्हाई ना तुला?"

विटाळाचं नाव निघताच बायडाबाईनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. रिबकाच्या नवऱ्याच्या, शांतवनच्या आजोबांनी येशूला मानलं, त्याच्या आधी आणि नंतरही, या घराचा विटाळ गावानं पुष्कळ वर्षं धरला होता. गिरणी निघाली तेव्हा पहिली दोन वर्षं अर्ध्या गावानं घरच्या जात्यावर दळलं. मग एकेकीचे खांदे भरून यायला लागले, आणि विटाळ आपोआप मागे पडला.

बायडाबाईनं डबा काखेला मारला आणि ती बाहेर पडली. तिच्यामागून बाकीच्याही उठल्या. बाहेर पडताना प्रत्येकीनं धोंडाबाईपासून अंग चोरून घेतलं.

पीठ झालं. धोंडाबाईनं पाटी डोक्यावर घेतली. ती चालू लागली.

*

संध्याकाळी सावळेराम आला. भावकीत त्याच्या शब्दाला वजन होतं आणि ते त्याला माहीत होतं, त्यामुळे तो कधीच आवाज चढवत नसे. ओट्यावर बसून त्यानं आधी पावसाची, मग शांतवनच्या नोकरीची चौकशी केली. शांतवन जुन्नरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. रोज एसटीनं जायचा, एसटीनं यायचा. तो नुकताच येऊन पाय धूत होता.

"ताई, तुमचं आमचं काय वाकडं न्हाई," सावळेराम म्हणाला. "पण हे घरचं भांडान हाय. तुमी त्यात पडू नये."

"मी कुठं पडले, भाऊ? मी दळण दळलं."

"त्याच्यातच आलं सगळं."

"दारात आलेलं दळण मी परत न्हाई धाडायची."

सावळेरामनं शांतवनकडे पाहिलं. शांतवन टॉवेलनं पाय पुसत राहिला, बोटांच्या बेचक्यांसकट.

"गिरणी तुमची हाय," सावळेराम उठत म्हणाला. "पण गिऱ्हाईक आमचं हाय. इचार करा."

तो गेला. जेवायला बसल्यावर भाकरी मोडता मोडता शांतवननं सुरुवात केली.

"आपली तीन घरं आहेत इथं. तीन."

"मला मोजता येत्यात."

"आणि कुणासाठी? त्या म्हातारीसाठी? तू नवी नवरी होतीस तेव्हा विहिरीवर तुझ्या हातातला दोर कुणी ओढून घेतला होता? दुसरी कुणी असती तर मी बोललो नसतो."

रिबकाला तो दोर अजून आठवत होता. काथ्या तळहाताला घासत गेला होता आणि हात दोन दिवस चुरचुरत होता. तिनं ताटात कालवण वाढलं.

"चर्चात पाळक दर रविवारी काय सांगत्यात? लोकांनी आपल्याशी जसं वागावं, तसं आपण वागायचं," ती म्हणाली. "तिनं मला काय दिलं, हे प्रभूनं इचारलंच न्हाई. मला काय हवं व्हतं, तेवढंच इचारलंय. त्या दिवशी मला पाणी हवं व्हतं. मग आता तिला पीठ द्यायचं."

"आणि गिरणी बसली तर?"

"बसंल. तुमी जेवा."

शांतवनला आपली बायको माहीत होती. गिरणीसाठी बँकेत खेटे घालताना साहेबानं चार वेळा परत पाठवलं, तरी ती पाचव्यांदा त्याच बाकावर जाऊन बसली होती. तो जेवला.

*

गिरणी बसायला फार दिवस लागले नाहीत. आधी बायडाबाई यायची थांबली, मग तिच्या आळीतल्या, मग सगळ्याच. खालच्या एसटी थांब्यापाशी सावळेरामच्या पुतण्यानं पत्र्याची शेड ठोकली आणि नवी कोरी गिरणी आणून बसवली. तिला लाल रंग होता. डोक्यावर डबे घेऊन बायका रिबकाच्या दारावरूनच खाली जायच्या. रस्ता तो एकच होता.

रिबका सकाळी गिरणी झाडायची, पट्टा तपासायची, दिवा लावायची आणि दारात निवडण घेऊन बसायची. लाईट असो नसो, गिरणीचं दार उघडं ठेवायचं हे तिनं ठरवून टाकलं होतं. आठवड्यातून एकदा, सोमवारी, धोंडाबाई यायची. कधी बाजरी, कधी ज्वारी. तेवढ्या एका पाटीसाठी मोटर सुरू व्हायची आणि बंद व्हायची.

पहिल्यांदा दोघी काहीच बोलायच्या नाहीत. मग एका सोमवारी लाईट गेली आणि पीठ अर्ध्यावर अडकलं. धोंडाबाई उंबऱ्यावर टेकली.

"वैजीला दिवस गेल्यात," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "कुनी तरी सांगितलं."

"कितवा?"

"ते कोन सांगनार मला." धोंडाबाई म्हणाली, "तिला माझ्या हातची बाजरीची खिचडी लई आवडायची. तिकडं काय खाती, कुनाला ठावं."

त्या रविवारी जुन्नरला उपासनेला जाताना रिबकानं डब्यात खिचडी घेतली, आणि उपासना झाल्यावर विचारत विचारत कल्याण पेठेमागच्या एका खोलीपर्यंत गेली. सोमवारी धोंडाबाई आली तेव्हा ती म्हणाली, "पाचवा लागलाय. तब्येत बरी हाय. नवरा गॅरेजात काम करतो, चांगला वाटला. खिचडी मी केलेली, तुमच्यासारखी झाली नसंल, पण सगळी खाल्ली तिनं."

धोंडाबाईनं तिच्याकडे पाहिलं. आजवर एवढा वेळ तिनं रिबकाच्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं.

"तुला दोराचं ध्यानात हाय का गं?" तिनं विचारलं.

"हाय."

"माझ्याबी हाय," धोंडाबाई म्हणाली. पिठात बोट घालून ती ते चिमटीत चोळून बघत राहिली.

पावसाळा सरला. वरच्या वाडीतल्या बायका भात झोडून झाल्यावर खाली येऊ लागल्या. डोंगरातून उतरलं की पहिली गिरणी रिबकाचीच लागायची आणि खालच्या भावकीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. कुशाबाई नावाची एक ठसठशीत बाई पहिल्यांदा नाचणी घेऊन आली आणि मग चौघींना घेऊन आली. पूर्वीइतकं काम नव्हतं, पण दगड फिरता राहिला. शांतवन आता काही बोलत नसे. रविवारी खिचडीचा डबा तोच उचलायचा.

*

दिवाळी झाल्यावर धोंडाबाईच्या अंगणात मांडव पडला. भावकीच्या जेवणाचा होता. बटाटा-वांग्याच्या रश्श्याचा वास रिबकाच्या ओट्यापर्यंत येत होता. दुपारभर पंगती उठल्या. धोंडाबाईच्या लेकानं शेवटी मान तुकवली होती. धाकट्या मुलीला स्थळं येईनात, कांदा लावायला माणूस मिळेना. किती दिवस काढणार? वैजयंती घरी यायची नाही, हे त्यानं चारचौघांत कबूल केलं होतं. आणखी एक गोष्ट कबूल करून घेतली होती, ती बायडाबाईनं जाता जाता दारातून रिबकाला ऐकवली.

"दळण आता खालीच न्यायचं म्हनून ठरलंय त्यांचं."

"बरं," रिबका म्हणाली.

सोमवारी ती नेहमीसारखी दारात उभी होती. हाताला पीठ होतं. वरून धोंडाबाई येताना दिसली. डोक्यावर पाटी, एक हात पाटीला, एक हात पदराला. रिबकाला वाटलं, वळेल. दहा-बारा पावलांवर असताना दोघींची नजर भिडली. धोंडाबाईचा पाय एकदम अडखळला. पाटी कलली, थोडी बाजरी रस्त्यावर सांडली. तिनं पाटी सावरली, पदर पुढे ओढला आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, गटाराच्या काठाकाठानं, म्हातारीला झेपणार नाही अशा वेगानं ती खाली निघून गेली.

शांतवन त्या दिवशी सुटीवर होता. ओट्यावरून त्यानं सगळं पाहिलं.

"बघितलंस?" तो म्हणाला. रागानं तो ओट्यावरून खाली उतरला. "सहा महिने! गाव अंगावर घेतलंस तिच्यापायी. पुढच्या सोमवारी तिला रस्त्यात थांबव आणि तोंडावर विचार."

रिबकालाही राग आला होता. विचारावं, असं तिलाही वाटलं. दारात असंच उभं राहावं. दर सोमवारी, कमरेवर हात ठेवून. जाऊ दे तिला समोरून. बघू दे.

ती रस्त्यावर गेली. सांडलेली बाजरी तिनं कोंबड्यांसाठी ओंजळीत भरून आणली. परत येईपर्यंत तिचा चेहरा निवला होता.

"तिच्या घरात लग्नाची पोर हाय," ती म्हणाली. "मीबी त्याच वाटेनं गेले असते."

"मग?"

"मग काय. मला दारात बघून त्या पायांचं कसं झालं, बघितलंत ना?"

शांतवनला तिचं बोलणं नीटसं कळलं नाही. ती मोटरकडे गेली, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी कुशाबाई नाचणी घेऊन आली तेव्हा मोटर बंद होती. रिबका गिरणीच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसली होती. वरचा दगड उतरवून तिनं पुढ्यात घेतला होता आणि छिन्नी-हातोडीनं ती त्याला टाकी लावत होती, झिजलेल्या खाचा पुन्हा पाडत होती.

"आगं, परवाच तर लावली व्हतीस," कुशाबाई म्हणाली.

"ऱ्हायली व्हती जराशी. बस. झालंच."

कुशाबाई उंबऱ्यावर बसली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुझी म्हातारी चाललीया बघ."

"चालू दे."

"हिकडंच बघती. वळून बघ की."

रिबकानं छिन्नी दगडाच्या कडेला धरली. एकसारखे, रस्त्यापर्यंत ऐकू जातील असे घाव ती घालत राहिली. काम सोडून मान वर करायला जिला उसंत नाही, अशा बाईसारखे. दगडाची पांढरी भुकटी तिच्या मनगटांवर बसत होती.

"थांबली," कुशाबाई म्हणाली. मग, "गेली. सावकाश गेली."

रिबकानं आणखी दोन घाव घातले. मग तिनं छिन्नी खाली ठेवली, पदरानं दगड पुसला आणि कुशाबाईला हाक मारली.

"धर गं एका बाजूनं. बसवू या."