शुकरीची काठी

अम्मानमधल्या आमच्या इस्पितळात वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले सात जण एका खोलीत होते. म्हातारी उम्म रकान रोज त्यांतल्या आपल्या नवऱ्याला भेटायला यायची आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या कपाळावर हात ठेवून दुआ मागायची.

"खाला, मधे मधे हात धुवा की!" मी नर्स, रोज खेकसायचे.

"दुआला साबण लागतो होय गं?"

फक्त म्हातारा शुकरी तिच्यावर काठी उगारायचा. "हात लावशील तर खबरदार!"

मग तपासणीत सहा जणांत कुठल्याच औषधाला न जुमानणारा जंतू निघाला. शुकरी तेवढा सुटला. त्याला वेगळ्या खोलीत हलवलं, भेटी बंद केल्या. माझे हात धुवून धुवून सोलले होते.

चौथ्या दिवशी शुकरी करवादला, "ती म्हातारी कुठं मेली गं? काठी कुणावर उगारू मी?"